बारा जीबीचं जुनं कार्ड की आठ जीबीचं नवं?

पत्राचा गोषवारा: पत्र लिहिणारी वाचक डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि ब्लेंडर या प्रोग्रॅममध्ये थ्रीडी दृश्यं बनवते आणि त्यांची अंतिम चित्रं काढते, म्हणजे रेंडर करते. घरात कॉम्प्युटर एकच, आणि धाकटा भाऊ त्यावरच गेम खेळतो. आय५-८४०० प्रोसेसर, ८ जीबीची एकच रॅम, ४ जीबीचं जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड, ६० हर्ट्‌झचा १०८०पी मॉनिटर आणि ४५० वॉटचा जुना एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), असं ते मशीन आहे. दोघांनी मिळून पैसे साठवलेत. तिचं लक्ष ओळखीतल्या एकाकडच्या वापरलेल्या आरटीएक्स ३०६० वर आहे. ते १२ जीबीचं आहे आणि स्वस्तात मिळतंय. भावाला नवं कोरं आरटीएक्स ४०६० हवंय, ते ८ जीबीचं. ती लिहिते: "तीन आठवडे तक्ते आणि व्हिडिओ बघतेय. एकात हे पुढे, दुसऱ्यात ते. भाऊ म्हणतो, नवी पिढी ती नवी पिढी. मैत्रिणी म्हणतात, ८ जीबीचे दिवस संपले. माझ्याकडे रेंडर लावला की कधी मेमरी संपल्याची सूचना येते, कधी अख्खा कॉम्प्युटरच गोठतो. पैसे एकदाच आहेत, पाच वर्षं तरी पुरायला हवं. ताई, यातलं चांगलं कार्ड नेमकं कोणतं? आणि भावाच्या मनाविरुद्ध माझ्या कामाचं घेतलं, तर तो स्वार्थ होईल का?"

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तू जाता जाता लिहून गेलीस. कधी मेमरी संपल्याची सूचना येते, कधी अख्खा कॉम्प्युटर गोठतो. तू हे दोन्ही एकाच खात्यावर मांडलंस, आणि म्हणून तुला वाटतंय की मोठं कार्ड आलं की दोन्ही थांबेल. पण हे दोन वेगळे आजार आहेत.

ब्लेंडर "जीपीयू मेमरी संपली" असं सांगून रेंडर सोडून देतं, तेव्हा तुझ्या कार्डावरची ४ जीबी भरलेली असते. तो कार्डाचाच प्रश्न. पण माउस अडकतो, खिडक्या पांढऱ्या पडतात, हार्ड डिस्कचा दिवा सतत पेटलेला राहतो, तेव्हा बहुतेक वेळा कॉम्प्युटरची रॅम भरलेली असते आणि विंडोज उरलेला पसारा डिस्कवर टाकून वेळ निभावत असतं. रेंडर कार्डावर होत असला, तरी दृश्य आधी रॅममध्ये उभं राहतं आणि तिथून कार्डाकडे जातं. म्हणजे १२ जीबीचं कार्ड ८ जीबी रॅमच्या मशीनमध्ये बसवलंस, तर मोठं कोठार बांधून त्याला लहान दार ठेवल्यासारखं होईल. ब्लेंडरच्या अधिकृत गरजांच्या यादीत ८ जीबी रॅम ही किमान मर्यादा आहे, आरामाची नव्हे. तेव्हा दोघांपैकी कोणतंही कार्ड निवडलंत, तरी त्याआधी एक काम ठरलेलंच आहे. तुझ्याकडे ८ जीबीची एकच पट्टी आहे, तिच्या जोडीला तशीच दुसरी घाल. दोन पट्ट्या योग्य स्लॉटमध्ये बसल्या की मेमरी दोन वाटांनी चालते आणि प्रोसेसरलाही त्याचा फायदा होतो. भावाचे गेमसुद्धा त्याने कमी अडखळतील. जमलं तर १६ वर न थांबता ३२ पर्यंत जा.

आता तक्त्यांकडे येऊ. तीन आठवडे ते बघून तू गोंधळलीस यात तुझी काही चूक नाही. ते तक्ते खोटे नसतात, पण ते तुझ्या कॉम्प्युटरवर काढलेले नसतात. कार्डाची चाचणी घेणारे लोक मुद्दाम उपलब्ध त्यातला सगळ्यात वेगवान प्रोसेसर वापरतात, भरपूर रॅम लावतात, नवा मदरबोर्ड घेतात. कार्डाला बाकी कशानेही मागे ओढू नये आणि फक्त कार्डाचा वेग मोजता यावा, हा त्यांचा हेतू असतो, आणि त्यांच्या कामापुरता तो बरोबरच आहे. तुझ्या घरात मात्र ते कार्ड २०१७ च्या प्रोसेसरशेजारी बसणार आहे. म्हणून "यातलं चांगलं कोणतं" या प्रश्नाला तक्त्यांत उत्तर सापडत नाही. दोन कार्डं एकमेकांसमोर ठेवून कितीही वेळ बघितली तरी निकाल लागणार नाही. दोन्ही तुझ्या एका भारी फाइलसमोर आणि भावाच्या एका आवडत्या गेमसमोर ठेव, मग लागेल.

तरीही ही कार्डं आतून कशी आहेत ते थोडं बघूया, कारण आकड्यांनीच तुला सगळ्यात जास्त छळलेलं दिसतंय. ३०६० आलं २०२१ मध्ये, ४०६० आलं २०२३ मध्ये. जुन्यात ३,५८४ कुडा कोअर (कार्डावरची गणना करणारी छोटी एककं), नव्यात ३,०७२. म्हणजे जुनं वरचढ? नाही. दोन पिढ्यांचे कोअर असे मोजून चालत नाही. ४०६० चे कोअर सुमारे २.४६ गिगाहर्ट्‌झपर्यंत धावतात, ३०६० चे सुमारे १.७८ पर्यंत, आणि एकूण गणनेत नवं पुढे जातं. मेमरीची वाट जुन्यात १९२ बिटची, सेकंदाला ३६० जीबी वाहून नेणारी. नव्यात १२८ बिटची, २७२ जीबीची. इथे जुनं पुढे दिसतं, पण नव्याच्या चिपमध्येच २४ एमबीचा एल२ कॅश, म्हणजे हाताशी असलेली छोटी वेगवान मेमरी, आहे आणि जुन्यात तो ३ एमबीचा. सारखं लागणारं सामान हाताशी ठेवलं की कोठीत खेपा कमी होतात, म्हणून अरुंद वाटेवरही नव्याचं भागतं. साध्या १०८०पी गेममध्ये ४०६० सरासरी १५ ते २० टक्के पुढे असतं. रेंडरमध्येही ते स्पष्ट वेगवान आहे, पण एका अटीवर. दृश्य त्याच्या ८ जीबीत मावलं पाहिजे.

ही मावण्याची गोष्ट तुझ्या दृष्टीने खरी कळीची आहे, म्हणून तिच्यापाशी जरा थांबते.

तू एखाद्या लाकडी टेबलाला ४के टेक्स्चर, म्हणजे पृष्ठभागावर चढवायचं चित्र, लावतेस. ते चित्र ४०९६ गुणिले ४०९६ पिक्सेलचं असतं. दर पिक्सेलला ४ बाइट धरले तर ते एकच चित्र मेमरीत ६४ एमबी जागा घेतं. डिस्कवर ती जेपीजी फाइल पाच-सहा एमबीची दिसते, पण रेंडर करताना ती पूर्ण उलगडावी लागते. टेबलाला एक चित्र पुरत नाही. रंगाचं वेगळं, उंचसखलपणाचं वेगळं, चमकेचं वेगळं. कृष्णधवल चित्रांना जागा कमी लागते हे धरूनही एका वस्तूचे दीडशे एमबी सहज होतात. खोलीत अशा तीस वस्तू ठेवल्यास की साडेचार जीबी नुसत्या टेक्स्चरचेच झाले. त्यात पडद्यांच्या चुण्या, झाडांची पानं, गालिच्याचे धागे यांची भूमिती यायची अजून बाकी आहे. गेमचं असं नसतं. गेममधली टेक्स्चर दाबलेल्या स्वरूपातच कार्डावर राहतात आणि तेवढंच चित्र साधारण चौथ्या हिश्शात बसतं. त्यामुळे तेच ८ जीबी भावाला वेगळे पुरतात आणि तुला वेगळे. तुमचा वाद खरं तर इथेच आहे. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहात.

तुला किती जागा लागते हे कुणाला विचारायची गरज नाही, ब्लेंडर स्वतः सांगतं. तुझी आजवरची सगळ्यात भारी फाइल उघड. ब्राउझर, गाणी, सगळं बंद कर. सायकल्स या ब्लेंडरच्या रेंडर इंजिनात डिव्हाइस तात्पुरतं सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, कर, कारण तुझं आत्ताचं कार्ड ४ जीबीलाच अडतं आणि त्यापुढची गरज ते दाखवू शकत नाही. सॅम्पल, म्हणजे दर पिक्सेलमागच्या प्रकाशकिरणांच्या चाचण्या, अगदी कमी ठेव, दहा-वीस. सॅम्पल कमी केल्याने चित्र खरखरीत येईल, पण मेमरीच्या मोजमापात फारसा फरक पडत नाही. रेंडर सुरू झाला की त्या खिडकीच्या वरच्या पट्टीत "मेम" आणि "पीक" असे आकडे दिसतात. त्यातला पीक, म्हणजे सगळ्यात जास्त लागलेली जागा, वहीत लिहून घे. कार्डावर हेच दृश्य थोडी कमीजास्त जागा घेईल, तेव्हा हा अंदाज म्हणूनच वापर. अशा तीन फाइलींचे आकडे घे. शेजारी टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सचं पान उघडून रॅम किती भरली तेही बघत राहा. फाइल उघडतानाच रॅम काठोकाठ भरत असेल, तर गोठण्याचं कारण तुझ्यासमोर आलंच.

पीक पाच जीबीच्या आत राहत असेल तर ४०६० तुला पुरेल आणि वेगाचा फायदाही देईल. पाच ते सात असेल तर ओढाताण आहे, कारण विंडोज, मॉनिटर आणि ब्लेंडरची स्वतःची खिडकी यांनाही कार्डावरची जागा लागते. सातच्या वर गेला तर ८ जीबीचं कार्ड तुझ्यासाठी नाही, मग ते कितीही नवं असो. दृश्य मावलं नाही तर ब्लेंडर उरलेला भाग रॅममध्ये ठेवून काम ढकलू बघतं, पण वेग पार पडतो. त्यात तुझ्याकडे रॅमच अपुरी, म्हणजे तेही दार बंद.

इथेच एक सांगते. पीक बघून घाबरू नकोस. तो कमी करता येतो, फुकट. खोलीच्या मागच्या कोपऱ्यातल्या फुलदाणीला ४के टेक्स्चरची गरज नसते. २के केलंस तर जागा चौथ्या हिश्शावर येते आणि अंतिम चित्रात फरक शोधूनही सापडत नाही. ब्लेंडरच्या सिम्प्लिफाय विभागात सगळ्या टेक्स्चरना एकदम मर्यादा घालायची सोय आहे. शंभर खुर्च्या हव्या असतील तर शिफ्ट-डी ने शंभर प्रती काढू नकोस, ऑल्ट-डी ने काढ. मग भूमिती एकदाच साठवली जाते आणि बाकीच्या नव्व्याण्णव तिच्याकडे नुसतं बोट दाखवतात. कार्ड येईपर्यंतही तुझी अडलेली कामं याने पुढे सरकतील. आणि ही सवय लागली की पुढे कोणतंही मशीन मिळालं तरी उपयोगी पडते.

आता तुझ्या भावाच्या बाजूने बोलते, कारण त्याचं म्हणणं पत्रात एका ओळीत आलंय आणि त्याला तेवढ्यावर सोडणं बरोबर नाही.

नव्या पिढीत खरंच काही गोष्टी आहेत. ४०६० चा वीजवापर ११५ वॉट, ३०६० चा १७०. कार्ड कमी तापतं, पंखे शांत राहतात. डीएलएसएस या एनव्हिडियाच्या तंत्राची चित्र मोठं करणारी सोय दोन्हींवर चालते, पण डीएलएसएसचं फ्रेम जनरेशन ३०६० वर चालत नाही, ४०६० वर चालतं. भावाच्या डोळ्यांसमोर बहुधा हेच आहे. व्हिडिओत ६० चे १०० फ्रेम झालेले दिसतात आणि मन लगेच तिकडे धावतं. पण फ्रेम जनरेशन म्हणजे दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये एक बनवलेली फ्रेम घालणं. ती घालण्यासाठी पुढची खरी फ्रेम क्षणभर थांबवून ठेवावी लागते, म्हणून चित्र गुळगुळीत दिसलं तरी हाताला गेम हलका लागत नाही. आधीच ६०च्या आसपास खऱ्या फ्रेम असतील तरच ते छान वाटतं. तुमचा मॉनिटर ६० हर्ट्‌झचा आहे, सेकंदाला ६० च्या वर चित्रं तो दाखवतच नाही. म्हणजे ज्या गोष्टीसाठी भाऊ भांडतोय ती तुमच्या पडद्यावर दिसायलाच जागा नाही. पुढे १४४ हर्ट्‌झचा मॉनिटर घेतलात तर चित्र बदलेल, हे त्याला प्रामाणिकपणे सांग.

दुसरं, आय५-८४०० ला सहा कोअर आणि सहाच थ्रेड. जुन्या गेमना तो पुरतो. नव्या मोठ्या गेममध्ये, गर्दीच्या शहरात वगैरे, तोच आधी दमतो आणि कार्ड वाट बघत बसतं. अशा वेळी ४०६० ची ती १५ ते २० टक्क्यांची आघाडी हवेत विरते. नवं कार्ड आल्यावर हे तपासायचं असेल तर सोपं आहे. गेमचं रिझोल्यूशन खाली आणा. तरीही फ्रेम वाढल्या नाहीत तर अडवणारा प्रोसेसर आहे, कार्ड नाही. आणि आत्ताच्या १०५० टीआयच्या मानाने दोन्ही कार्डं त्याला दुपटीहून जास्त वेग देतील. त्याला मिळणारा आनंद दोन्हीकडे जवळपास सारखाच आहे, हे त्याने एकदा नीट ऐकायला हवं. आणि ते तू ताई म्हणून फर्मावू नकोस. त्याचाच गेम त्याच्याशेजारी बसून बघ.

एक बारीक गोष्ट तक्त्यांत येत नाही, पण तुमच्या मशीनला नेमकी लागू आहे. कार्ड मदरबोर्डशी ज्या वाटेने बोलतं, त्या पीसीआय एक्सप्रेसच्या ३०६० ला १६ लेन (समांतर मार्गिका) आहेत, ४०६० ला ८. नव्या मदरबोर्डवर ८ लेन पुरतात. तुमचा बोर्ड आवृत्ती ३.० चा आहे, तिथे ८ लेनमधून सेकंदाला साधारण ८ जीबीच जातात, १६ लेनमधून १६. कार्डाची स्वतःची मेमरी पुरतेय तोवर याचा त्रास जवळजवळ जाणवत नाही. ती भरली आणि टेक्स्चर रॅममधून आणायची वेळ आली, की २७२ जीबीच्या रस्त्यावरून एकदम ८ जीबीच्या पायवाटेवर उतरावं लागतं. सरासरी फ्रेम ठीक दिसतात, पण वळणावर गेम क्षणभर अडकतो, किंवा भिंतीवरची अक्षरं धूसर राहतात आणि दोन सेकंदांनी स्पष्ट होतात. ८ जीबीचं कार्ड घेतलंत तर भावाला टेक्स्चरचं सेटिंग अल्ट्रावरून एक पायरी खाली ठेवायला सांग. १०८०पी वर त्यातला फरक फारसा कळत नाही.

मैत्रिणी म्हणतात ८ जीबीचे दिवस संपले, ते मला पटत नाही. २०२५ मध्ये आलेलं आरटीएक्स ५०६० सुद्धा ८ जीबीचंच आहे, आणि १०८०पी वर खेळणाऱ्या असंख्य लोकांचं त्यावर छान चाललंय. पण "नवी पिढी ती नवी पिढी" हेही तेवढंच अर्धवट आहे. कार्डाच्या नावावर इतका भरवसा ठेवू नका, कारण एकाच नावाखाली वेगळा माल विकला गेलाय. तू जे ३०६० घेणार आहेस त्याचीच एक ८ जीबीची आवृत्ती २०२२ च्या अखेरीला आली. तिची वाट १२८ बिटची, वेग २४० जीबीचा. डब्यावर नाव तेच. त्याच वर्षी ४०८० नावाने १२ आणि १६ जीबीची दोन कार्डं जाहीर झाली, ज्यांच्या चिपच वेगळ्या होत्या. टीका इतकी झाली की एनव्हिडियाने १२ जीबीचं मागे घेतलं आणि जानेवारी २०२३ मध्ये ते ४०७० टीआय म्हणून आणलं.

मला हा धडा फार आधी मिळाला. भाचीच्या कॉम्प्युटरसाठी मी जीटी १०३० घेतलं होतं. नाव वाचलं, २ जीबी वाचलं, पैसे दिले. घरी बसवल्यावर तिच्या मैत्रिणीच्या मशीनवर सुरळीत चालणारा गेम आमच्याकडे रखडायला लागला. दोन दिवस मी ड्रायव्हर बदलत बसले. शेवटी डब्याच्या कडेला बारीक अक्षरात डीडीआर४ असं दिसलं. मैत्रिणीचं होतं जीडीडीआर५ चं. एकाचा वेग सेकंदाला ४८ जीबी, दुसऱ्याचा जेमतेम १७, आणि नाव दोन्हींचं जीटी १०३०. विकणाऱ्याने विचारल्याशिवाय काही सांगितलं नव्हतं आणि उघडलेला डबा परत घ्यायला तो तयार नव्हता. भाची काही बोलली नाही, पण तिचा उतरलेला चेहरा मला अजून आठवतो. म्हणून तुला सांगते, ओळखीतला असला तरी कार्ड चालू मशीनवर बघितल्याशिवाय पैसे देऊ नकोस.

बघायला जाशील तेव्हा जीपीयू-झेड हा छोटा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घेऊन जा. मेमरी १२२८८ एमबी आणि बस १९२ बिट दिसली पाहिजे. मग एखादा जड गेम किंवा तुझीच ब्लेंडरची फाइल अर्धा तास चालू दे. पाच मिनिटांनी निघू नकोस, खराबी बहुतेक वेळा कार्ड पूर्ण तापल्यावर दिसते. पडद्यावर रंगीत ठिपके, चौकोन, क्षणभर काळोख यातलं काही दिसलं तर नमस्कार करून परत ये. पंख्यांचा आवाज कान देऊन ऐक. खरखर किंवा टकटक म्हणजे बेअरिंग गेलंय. कार्ड मायनिंगला, म्हणजे आभासी चलन मिळवण्याच्या अखंड गणनेला, वापरलंय का हेही सरळ विचार. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि त्यानंतर अशी पुष्कळ कार्डं बाजारात आली. माझ्या मते मायनिंगचं कार्ड अस्पृश्य नाही, पण त्याचे पंखे आणि थर्मल पेस्ट थकलेली असतात आणि तो खर्च हिशोबात धरायला हवा. मूळ बिल मिळतंय का आणि उरलेली वॉरंटी दुसऱ्याच्या नावे चालते का, हे विचारायला लाजू नकोस. बिल नाही, तपासू देत नाही, असं असेल तर ३०६० विसर आणि नवं ४०६० घे. माझं हे मत पक्कं आहे. काही वर्षं वापरलेल्या कार्डाला निदान अर्धा तास तरी नजरेखालून घालता आलं पाहिजे.

एसएमपीएसचं तू पत्रात नुसतं वॉट लिहून सोडून दिलंस. तुझं १०५० टीआय ७५ वॉटचं आहे आणि मदरबोर्डचा स्लॉट तेवढे देऊ शकतो, म्हणून आजवर वेगळी वायर लागली नसेल. या दोन्ही कार्डांना सहसा आठ पिनची स्वतंत्र वायर लागते. कॅबिनेट उघडून ती आहे का बघ. नसेल तर जुन्या चार पिनच्या वायरींना अडॅप्टर जोडून भागवू नकोस, त्या वायरी तापून वितळल्याची उदाहरणं आहेत. दोन्ही कार्डांसाठी कंपनीची शिफारस ५५० वॉटची आहे. चांगल्या प्रतीचा ४५० वॉटचा एसएमपीएस ४०६० सहज चालवेल, पण तुमचा जुना आहे आणि ३०६० त्याला जास्त ताण देईल. मी बदलूनच घेईन. विजेच्या बिलाची काळजी मात्र फार करू नकोस. आठ तासांच्या रेंडरला ५५ वॉटचा फरक म्हणजे अर्ध्या युनिटहूनही कमी.

"पाच वर्षं पुरायला हवं" ही अट तू स्वतःला घातलीस. मी ती सैल करायला सांगेन. पाच वर्षांनी तू कुठे काम करत असशील, कशावर करत असशील हे आज कुणालाच ठाऊक नाही. दोन वर्षं नीट काम करणारं आणि त्यात तुझा पोर्टफोलिओ पूर्ण होऊ देणारं मशीन मिळालं, तर पुढचं मशीन तूच कमवशील. एकाच खरेदीवर पाच वर्षांचं ओझं टाकलं, म्हणूनच तुला तीन आठवडे झोप लागत नाहीये.

आणि स्वार्थाचं. पैसे दोघांचे आहेत, तेव्हा निर्णय त्याच्या मनाविरुद्ध घेऊ नकोस, एवढं मी ठामपणे सांगते. पण त्याच्या मनाविरुद्ध जायची वेळच येणार नाही असं मला वाटतं. तू काम करतेस आणि तो नुसता खेळतो, अशी वाटणी मनात असेल तर ती काढून टाक. दिवसभरानंतरचा त्याचा तो एक तास त्याच्यासाठी तेवढाच खरा आहे. रात्रभर रेंडर लावून तू कॉम्प्युटर अडवून ठेवतेस, त्याची तक्रार कार्डाच्या आडून तर येत नाहीये ना, हेही त्याला विचारून बघ. मोठे रेंडर तो झोपल्यावर लावायचे, सुट्टीच्या दिवशी संध्याकाळ त्याची, असं काही ठरलं तर अर्धं भांडण तिथेच मिटेल.

मी तुझ्या जागी असते तर असं केलं असतं. आधी रॅम. मग पीक आकडा. तो पाचच्या वर असेल आणि ३०६० तपासणीत उतरलं, तर तेच घेतलं असतं, आणि वाचलेल्या पैशांतून एसएमपीएस बदलला असता. भावाला १०८०पी, ६० हर्ट्‌झवर यात जवळजवळ काहीच गमवावं लागत नाही, आणि तुझी अडलेली दृश्यं उघडायला लागतात. आकडा कमी निघाला, तर ४०६० घ्यायला काहीच हरकत नाही. तेव्हा भाऊ बरोबर ठरेल आणि ते तू त्याला मोकळेपणाने सांग.

अशाच पेचात असलेल्या इतरांसाठी थोडं. फक्त १०८०पी वर खेळणार असाल, मशीन नवं असेल, तर ४०६० सारखं कमी तापणारं कार्ड बघा, मेमरीची फार चिंता करू नका. १४४०पी चा मॉनिटर असेल तर पिक्सेल पावणेदोन पट होतात आणि १२ जीबीचा उपयोग दिसायला लागतो. घरच्या मशीनवर एआय मॉडेल चालवायची असतील तर आधी मेमरी, मग वेग. मॉडेल मावलंच नाही तर वेगाचं काय करणार? व्हिडिओ एव्ही१ या फॉरमॅटमध्ये एन्कोड करणाऱ्यांना ३०६० ची मदत होत नाही, ती सोय ४०६० मध्ये आहे. आणि एएमडीच्या कार्डांचा विचार करत असाल तर गेमसाठी खुशाल करा, पण थ्रीडीसाठी तुमचं रेंडर इंजिन त्यावर चालतं का ते आधी पाहा, काही इंजिनं आजही कुडावरच अवलंबून आहेत.

कार्ड बसवाल तेव्हा दोघं मिळून बसवा. वायर काढून पाच मिनिटं थांबा, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. जुनं कार्ड ओढण्याआधी स्लॉटच्या टोकाची छोटी खिटी दाबावी लागते. एकाने टॉर्च धरला की ती दिसते, नाहीतर अंधारात ती हमखास तुटते. कॅबिनेटमधली जागा आधी टेपने मोजून ठेवा, तीन पंख्यांची कार्डं लांब असतात. आणि तो पीक आकडा किती निघाला, ते मला नक्की कळव.

तुझी,
ताई